हत्यारबंद माणूस आणि बाबांची चाल

गेंट (बेल्जियम), मंगळवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, हे पत्र तू बाबांना वाचून दाखव. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झालेत, स्वतः वाचायला घेतील तर दामटून खाली बसव. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही इतके तापला होतात की मला बोलताच आलं नाही. मंडळातल्या पोरांनी तुकोबांचा अभंग सिनेमाच्या गाण्यावर बसवला, तुम्ही टाळ खाली ठेवून उठलात आणि एकादशीलाही गेला नाहीत. "पांडुरंगाला काय लग्नाच्या वरातीत नाचवायचंय?" हे तुमचं वाक्य इथे माझ्या डोक्यात तेव्हापासून घुमतंय. कारण गंमत अशी, की त्याच आठवड्यात मी देवळात उभा राहून एका लढाईच्या गाण्यावर देवाचं नाव घेत होतो. तेही चाळीस मिनिटं.

मी इथल्या एका चर्चच्या गायकवृंदात जातो हे तुम्हाला माहीत आहेच. आम्ही सतरा जण आहोत. बहुतेक निवृत्त मंडळी, एक दंतवैद्य, एक बसचालक आणि मी. यंदा आम्ही ग्योम द्युफाय या संगीतकाराची मिस्सा बसवली. (मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, तुमच्या बँकेतले वसईचे मित्र रविवारी जायचे ना, तीच.) मिस्सात पाच भाग दरवेळी त्याच शब्दांत गायले जातात: किरिए, ग्लोरिया, क्रेडो, सांक्तुस आणि आग्नुस देई. शब्द ठरलेले, त्यामुळे रचनाकाराचा कस लागतो तो सुरांत. आणि त्या पाचही भागांना एकत्र धरून ठेवायला पंधराव्या शतकातल्या लोकांनी काय वापरलं, तर रस्त्यावरचं गाणं.

गाणं फ्रेंच आहे, 'लोम आर्मे', म्हणजे हत्यारबंद माणूस. शब्द साधारण असे: हत्यारबंद माणसाला भिऊन असावं, गावोगाव दवंडी पिटलीय की ज्याने त्याने लोखंडी कड्यांचं चिलखत चढवून यावं. संपलं. यात ना देव, ना भक्ती. लय तिनाची, आपल्या दादऱ्यासारखी उड्या मारणारी, आणि मध्ये एक तुकडा प प प सा, प प प सा असा पंचमावरून धाडकन षड्जावर पडतो, तुतारी फुंकल्यासारखा. पेटीवर वाजवून बघा. दुसऱ्यांदा वाजवलंत की आई स्वयंपाकघरातून गुणगुणायला लागेल, इतकं ते चटकन तोंडात बसतं.

या एका चालीवर चाळीसच्या वर मिस्सा झाल्यात, बाबा. द्युफायची १४६० च्या आसपासची. मग ओकेगेम, ब्यून्वा, ओब्रेख्त. जोस्कँने दोन केल्या, आणि १५०२ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या छापखानेवाल्याने जोस्कँच्या मिस्सांचं पहिलं पुस्तक काढलं तेव्हा त्यातली पहिली याच चालीवरची आणि शेवटची पण याच चालीवरची. पहिलीत जोस्कँने प्रत्येक भागात चाल एकेक सूर वर चढवत नेलीय. सा वरून सुरू, मग रे वरून, मग ग वरून. आपल्याकडे एकाच बंदिशीवर घराणोघराणी बुवा आपापली करामत दाखवतात, तशी ती पैज होती. ज्याने 'लोम आर्मे' केली नाही तो संगीतकार कसला, असं काहीसं.

ही चाल एवढी का चालली? त्या काळी या भागावर बर्गंडीच्या ड्यूकचं राज्य होतं. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं आणि पुढच्याच वर्षी ड्यूकने लिल शहरात मोठी मेजवानी घालून सरदारांकडून धर्मयुद्धाच्या शपथा घेतल्या. चिलखत चढवा म्हणणारं गाणं अशा दरबारात कुणाला परकं वाटेल? पण मला ते कारण पुरेसं वाटत नाही. चाल बळकट होती. तोडली, ताणली, उलटी केली तरी ओळख सोडत नव्हती. गवंडी जसा ठोकून बघून दगड निवडतो, तशी ती निवडली गेली असणार.

आता माझी गोष्ट. मी टेनर. हा शब्द लॅटिनमधल्या 'धरून ठेवणे' यावरून आलाय. म्हणजे चाल धरून ठेवतो तो टेनर, आणि बाकीचे तीन आवाज त्याच्या वरखाली फिरतात. ऐकायला मोठा मान वाटतो. प्रत्यक्षात मला एकेक सूर आठ-आठ, बारा-बारा मात्रा धरून उभं राहायचं असतं. वरचे आवाज कोयरीच्या नक्षीसारखे वळणं घेत असतात, लोक त्यांच्याकडे कान लावतात, आणि मी आपला खालचा खांब. तालमीत मी मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होतो, तुम्ही शिकवलंत तशा, करंगळीपासून. आमचा गायकवृंद बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, हे काय मोजताय? मी म्हटलं, वडिलांचा ताल. पुढच्या मंगळवारी पाहतो तर दंतवैद्यसुद्धा करंगळीपासून मोजतोय.

तरी मी चुकलो. शेवटच्या आग्नुसमध्ये. तिथे द्युफायने चाल लिहूनच दिली नव्हती, फक्त लॅटिनमध्ये कोडं घातलं होतं: खेकडा पूर्ण जावा, पण परत येताना अर्धा यावा. बाईंनी जुन्या हस्तलिखिताचा फोटो दाखवला आणि विचारलं, काय करायचं सांगा. कुणालाच येईना. खेकडा उलटा चालतो, म्हणून जाताना चाल शेवटच्या सुरापासून पहिल्याकडे म्हणायची, पूर्ण लांबीच्या मात्रांत. परत येताना सरळ, आणि मात्रा अर्ध्या, म्हणजे दुगुनीत. आमच्या छापील प्रतीत हे सगळं सोडवून दिलंय, तरीही मी उलट्याचं सुलट होताना एक मात्रा आधी घुसलो आणि बाकीचे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू ऐन काकड आरतीत कुणी शेजारती सुरू करावी.

पण त्या वळणावर जे होतं ते मला तुम्हाला सांगायचंय. पावणेचाळीस मिनिटं चाल गाभाऱ्यात दडलेली असते, आणि शेवटच्या मिनिटाला सरळ होऊन, दुप्पट वेगाने बाहेर येते. पहिल्या बाकावरच्या आजोबांनी मान वर केली. त्यांना ती ओळखू आली.

म्हणून म्हणतो, तुमचं अर्धं बरोबर आहे. त्या पोरांच्या अभंगात सिनेमाची चाल जशीच्या तशी वर तरंगते आणि तुकोबा तिच्याखाली बुडतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिरोइनच येणार, विठोबा कुठला. तुमच्यासारखंच चर्चच्या वरिष्ठांनाही वाटलं होतं. ट्रेंटच्या धर्मसभेने सप्टेंबर १५६२ मध्ये फर्मान काढलं, की कामुक किंवा अशुद्ध काही असलेलं संगीत चर्चमध्ये नको. आणि त्यांचाच लाडका संगीतकार पॅलेस्ट्रिना! त्याने १५७० मध्ये 'लोम आर्मे'वर मिस्सा छापली, मग १५८२ मध्ये आणखी एक, फक्त यावेळी नाव दिलं नुसतं 'चौथी मिस्सा'. चाल तीच. पाटी बदलली.

लढाईचं गाणं तरी बरं म्हणायचं. द्युफायने आणखी एक मिस्सा केली ती स्वतःच्याच प्रेमगीतावर, 'माझा चेहरा फिका पडलाय, कारण प्रेम' अशा अर्थाच्या. आई, तू हसशील. तिकडे इंग्लंडात टॅव्हर्नर, टाय आणि शेपर्ड या तिघांनी पश्चिमेच्या वाऱ्यावरच्या एका विरहगीताची चाल घेतली. त्या गाण्यातल्या माणसाला आपल्या अंथरुणात, प्रियेच्या मिठीत परत जायचंय. चाल मात्र गेली मिस्सात.

आणि बाबा, राग मानू नका. तुमची ती अभंगाची चाल, जी मंडळात सगळे 'जुनी सांप्रदायिक' म्हणून म्हणतात, ती तुम्ही तरुणपणी जत्रेतल्या फडावर ऐकलेल्या लावणीची आहे, हे आईने मला दहावीच्या सुट्टीतच सांगितलंय. तुम्ही ती ठाय लयीत नेलीत, ठेका काढून टाकलात, मधली मुरकी गाळलीत. पखवाजवाल्या काकांना तीस वर्षांत पत्ता लागला नाही. द्युफायने याहून वेगळं काय केलं? आणि नाथांनी तर गोंधळी, वासुदेव, जोशी सगळ्यांची सोंगं भारुडात आणून उभी केली. ते पॅलेस्ट्रिनाच्याच काळातले, हे मला इथे येऊन लक्षात आलं.

तेव्हा पुढच्या एकादशीला जा. त्या पोरांना म्हणा, हीच चाल घ्या, पण चौपट ठाय लयीत म्हणा, ठेका मी सांगतो. तिसऱ्या आवर्तनालाही सिनेमा आठवला तर मग खुशाल टाळ खाली ठेवा.

द्युफाय फ्रान्समधल्या ज्या कांब्रेच्या कॅथेड्रलमध्ये होता ते इथून गाडीने दीड-दोन तासांवर. कॅथेड्रल उरलं नाही, फ्रेंच क्रांतीनंतर दगडाच्या भावाने विकलं. तो १४७४ मध्ये गेला, आणि त्याच्या थडग्याची शिळा १८५९ साली सापडली ती एका विहिरीवर झाकण म्हणून. आता लिलच्या संग्रहालयात आहे. तुम्ही उन्हाळ्यात आलात तर जाऊ.

रेकॉर्डिंग ताईच्या फोनवर पाठवलंय. आई, सगळं ऐकायचा कंटाळा येईल तुला, शेवटची तीन मिनिटं लाव. त्यात वळणावर उजवीकडून एक आवाज एक मात्रा आधी येतो, तो मीच. बाबांना सांगू नकोस, बघू त्यांना ओळखू येतो का.

डोळ्यांचे थेंब दिवसातून चार वेळा, विसरू नका.

तुमचा,
बाळू