ओल्डहॅमचा तो म्हातारा

मँचेस्टर, रविवार

तीर्थरूप आबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

आई, आबांच्या मोतीबिंदूमुळं हे पत्र तूच मोठ्यानं वाचणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, मध्येच थांबून त्यांच्याकडं बघायचं नाही. शेवटपर्यंत वाच. मग जे काय बोलायचं ते मला फोनवर बोल.

परवा फोनवर आबांनी विचारलं, "त्या ओल्डहॅमच्या म्हाताऱ्याचं काय झालं रं?" आणि मागून तुझा आवाज आला, "कुठला म्हातारा?" आबांनी फोन ठेवूनच दिला. गिरणीनं त्यांचे कान नेले, पण तुझा तेवढा प्रश्न त्यांना बरोब्बर ऐकू आला. वीस वर्षं होत आली त्या गोष्टीला. आता सांगून टाकतो.

२००६ चा उन्हाळा. तुम्ही दोघं इकडं आला होता. सूनबाई बाळंतीण, तू डिंकाच्या लाडवांत आणि बाळाच्या मालिशीत. आबांना लंडन नको होतं, राणीचा वाडा नको होता. त्यांना फक्त मँचेस्टरजवळचं ओल्डहॅम बघायचं होतं. लालबागला गिरणीच्या रिंग खात्यात सूत कातायच्या ज्या यंत्रांखाली आडवं पडून त्यांनी चौदा वर्षं नटबोल्ट आवळले, त्यांच्या बिडावर ते नाव कोरलेलं होतं : प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. इंग्रजी अक्षरं आपण तिथंच शिकलो, असं ते मला लहानपणी सांगायचे.

ओल्डहॅमच्या आधल्या दिवशी मी त्यांना व्हिक्टोरिया स्टेशनमागं स्ट्रेंजवेजला नेलं होतं. तिथं बॉडिंग्टन्सचा बिअरचा कारखाना होता, १७७८ पासूनचा. 'मँचेस्टरची साय' म्हणून त्या बिअरची जाहिरात करायचे. फिकट पिवळी, कडसर, वर जाड फेस. मी आलो तेव्हा गावात शिरताना आधी त्या चिमणीवरचं नाव दिसायचं. आबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "धूर न्हाई." मी म्हटलं, गेल्या वर्षीच बंद पडला. तर म्हणाले, "मग आता जमीन विकतील बघ." पुढं तसंच झालं. इमारत पाडली आणि त्या जागेवर गाड्या उभ्या राहायला लागल्या. शेजारी अजून एक उंच मनोरा होता. आबांनी विचारलं, ही कुठल्या गिरणीची? तो तुरुंगाचा मनोरा होता, आतली हवा खेळती ठेवायला बांधलेला. त्यावर ते जे हसले, तसे ते गिरण्यांच्या संपानंतर फार वेळा हसलेले मी बघितले नाहीत.

आता ओल्डहॅम. ८३ नंबरच्या बसनं गेलो. एके काळी त्या गावात साडेतीनशेच्या वर सूतगिरण्या होत्या. शेवटचं सूत निघालं १९९८ ला. आबांना वाटलं होतं, निदान प्लॅटचं फाटक तरी दिसेल, पाटी दिसेल. तासभर हिंडलो. लाल विटांच्या भिंती दिसल्या, आत गोदामं, गालिच्यांची दुकानं. मग पाऊस आला आणि आबांना लघवीला लागली, दोन्ही एकदम. उघडं दार एकच दिसलं. ते पबचं होतं.

आई, थांबू नकोस. वाच.

गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला टोपी, अशा अवतारात आबा आत गेले. इकडं जुन्या पबात दोन भाग असतात. एकात गालिचा, मऊ खुर्च्या. दुसऱ्याला मँचेस्टरकडं 'व्हॉल्ट' म्हणतात, तो कामगारांचा : साधी फरशी, लाकडी बाकं, पूर्वी बिअरही तिथं थोडी स्वस्त. आम्ही व्हॉल्टमध्ये शिरलो. सिगारेटचा धूर असा की समोरचं दिसेना (पबातली सिगारेट पुढच्या वर्षी, १ जुलै २००७ ला, कायद्यानं बंद झाली). तुला त्या रात्री आबांच्या कोटाला वास आला आणि मी बसचं नाव सांगितलं, ते खोटं होतं.

कोपऱ्यात एक म्हातारा एकटाच डॉमिनोच्या सोंगट्या मांडून बसला होता. पुढ्यात काळपट बिअर. तिला 'माइल्ड' म्हणतात. फार चढत नाही, कडूही नाही. गिरणीच्या दमट उकाड्यात दहा तास घाम गाळून आलेल्या माणसाला तहान भागवायला होती ती. तिथं बाईनं आम्हाला 'लव्ह' म्हणून हाक मारली, आबा दचकले. मी समजावलं, इथं टपालवाल्यालाही तसंच म्हणतात.

मी म्हाताऱ्याला विचारलं, प्लॅटचा कारखाना कुठं होता? त्यानं पेला खाली ठेवला. तिथल्याच ओतशाळेत तो सव्वीस वर्षं होता. मी आबांकडं बोट करून म्हटलं, हे मुंबईत तुमचीच यंत्रं दुरुस्त करायचे.

त्यानंतर मला कामच उरलं नाही. आबांना इंग्रजी येत नाही असं आपण सगळे समजत होतो. पण रिंग, स्पिंडल, बॉबिन, रोव्हिंग, ट्रॅव्हलर, गिअर, शिफ्ट हे सगळं त्यांना येत होतं, आणि त्याला तेवढंच बोलायचं होतं. तो टेबलावर सांडलेल्या बिअरमध्ये बोट बुडवून रिंग फ्रेमचं चित्र काढायचा, आबा ते पुसून दुरुस्त करायचे. हवा कोरडी झाली की धागा कसा तुटतो, हे दोघांनी एकमेकांना हातांनी सांगितलं. मग त्यानं विचारलं, तुझी गिरणी कधी बंद पडली? आबा म्हणाले, "स्ट्राइक. एटी-टू." त्यानं छातीवर हात ठेवला. "प्लॅट्स. एटी-टू." आणि भिंतीवरच्या जुन्या आरशाकडं बोट दाखवलं. त्यावर ओल्डहॅम ब्रुअरीचं नाव होतं. "ओ. बी. एटी-टू." गावची ती बिअर त्याच साली बॉडिंग्टन्सनं विकत घेतली आणि १९८८ ला कारखाना बंद केला. पुढं बॉडिंग्टन्सला व्हिटब्रेड कंपनीनं गिळलं, त्यांचे बिअरचे कारखाने बेल्जियमच्या कंपनीनं घेतले, आणि शेवटी आम्ही आदल्या दिवशी पाहिलेली ती बिनधुराची चिमणी. बॉडिंग्टन्सचे डबे दुकानात अजून मिळतात. मी घेत नाही.

तुम्हाला वाटेल, बिअरचं काय एवढं. पण पिंपातली बिअर जिवंत असते, आत यीस्ट काम करत असतं, पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावी लागते. लांब नेता येत नाही. म्हणून गावागावाची वेगळी. साताऱ्याचा कंदी पेढा साताऱ्यातच खावा, तसं. कीथली गावची टिमोथी टेलर, मिडल्टनची लीस, तुरुंगाच्या पलीकडं होल्ट. इंग्लंडच्या उत्तरेत नळाच्या तोंडाला बारीक भोकांची तोटी लावतात, त्यानं साईसारखा फेस येतो. दक्षिणेतले लोक याला नावं ठेवतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, बिनफेसाची पिऊन दाखवा म्हणतो.

आणि हो, बिअर नितळ व्हावी म्हणून तिच्यात माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा अर्क घालायची जुनी पद्धत आहे. हे मला नंतर कळलं. आबा, तुम्ही लेमोनेडच प्यायलात, माळेची शपथ मोडली नाही. पण गुन्हा वेगळाच आहे.

ते लेमोनेड त्या म्हाताऱ्यानं पाजलं होतं. इथं टेबलावर बसलेल्यांनी पाळीपाळीनं सगळ्यांचं पेय आपल्या पैशानं सांगायचं असतं. पाळी चुकवणाऱ्याला लोक पाठीमागं बोलतात. मला हा नियम कळायला इथल्या पहिल्या वर्षी दोन महिने लागले होते. आबांना कुणी सांगावंही लागलं नाही. ते उठले, खिशातली नाणी काउंटरवर ओतली आणि बाईला म्हणाले, "वन माइल्ड." फेस सांडू न देता दोन्ही हातांनी पेला धरून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. संपानंतर चाळीतली माणसं गुत्त्यावर कशी संपली हे बघितलेल्या, माझ्या लग्नात बँडवाल्यांना प्यायला दिली म्हणून मामांशी वर्षभर न बोललेल्या माळकऱ्यानं आपल्या पैशानं बिअर विकत घेतली. बसमध्ये मला म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नगंस. उधारी ठेवून कसं उठायचं?"

गेल्या शनिवारी मी एकटाच पुन्हा गेलो. आता ट्राम जाते तिथं. पबच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात, वरच्या मजल्यावर कबुतरं. शेजारच्या केशकर्तनालयात विचारलं. तो मुलगा दोन वर्षांपूर्वी तिथं आलाय, त्याला काही माहीत नाही. मला तर त्या म्हाताऱ्याचं नावही सांगता येईना. तीन तास बसलो आणि नाव विचारलं नाही, ना मी, ना आबांनी. नव्वदीच्या पुढं असेल तो आता, असला तर.

आबा, तेवढंच कळलं. तुमचा नातू आता एकोणीस वर्षांचा आहे, पबात जातो आणि थंडगार परदेशी बिअर पितो. त्याला माइल्ड म्हणजे काय ते माहीत नाही. त्याला मी ही गोष्ट कालच सांगितली. त्यानं विचारलं, आजोबांनी खरंच?

आई, एक काम आहे. आबांच्या ट्रंकेत गिरणीच्या पासबुकाबरोबर एक जाड पुठ्ठ्याची गोल चकती होती. निघताना म्हाताऱ्यानं तिच्या पाठीवर पेन्सिलीनं रिंग फ्रेमचं चित्र काढून दिलं होतं. मागच्या खेपेला मी आलो, तेव्हा तू ती दुधाच्या पातेल्याखाली ठेवलेली बघितली आणि काही बोललो नाही. ती धुऊ नकोस. पाठीवर काही दिसतंय का बघ आणि फोटो काढून पाठव.

आबांवर रागवायचं असेल तर सकाळच्या गोळ्या झाल्यावर रागव.

तुमचा,
बाळू