खड्डा बुजवून मगच उठणाऱ्यांना

निसर्ग मंडळातील मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आभाराचं आहे, पण त्यात थोडा राग मिसळलेला आहे. राग तुमच्यावर नाही, तुमच्या आधी येऊन गेलेल्यांवर आहे. तो निवला की लिहू म्हणत होतो, पण अजून निवला नाही. तेव्हा दोन्ही एकदमच वाचा.

तुम्ही अळंब्या नोंदवायला येण्याआधी या राईची एक 'पाहणी' झाली होती. पाहणी करणारे पायवाट सोडून आत शिरले नाहीत. एकेका पानासमोर फोन धरला, पडद्यावर उमटेल ते नाव उतरवून घेतलं आणि पुढचं झाड गाठलं. अनेक पात्यांच्या संयुक्त पानाची एक पर्णिका, म्हणजे एक सुटी पाती, हेच अख्खं पान, असं धरून चालल्यावर नावं चुकणारच. कळी पानाच्या बेचक्यात असते, पर्णिकेच्या बेचक्यात नसते, एवढं पाहिलं असतं तरी निम्म्या चुका टळल्या असत्या. लागवडीची परदेशी झाडं सरळ 'स्थानिक' या रकान्यात गेली. वर सल्ला असा, की पडलेली खोडं हलवा, पाचोळा जाळा आणि भूछत्रं दिसतील तिथे खरवडून चुना टाका, रोग पसरतो. सल्ला लेखी होता, सही-शिक्क्यासकट.

तुम्ही आलात आणि आधी गुडघ्यांवर बसलात.

ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहोत ती तशी क्षुल्लक आहे. पानगळीतून वर आलेली एक पांढरी अळंबी तुम्हाला नमुना म्हणून हवी होती. तुम्ही देठ वरून कापला नाही. चार बोटं लांब बोथट सुरी उभी खुपसून, माती सैल करून ती बुडासकट उचललीत. हे करायलाच हवं होतं. अमनिटा नावाच्या अळंब्यांच्या गटातल्या अनेक जातींच्या देठाच्या तळाशी पिशवीसारखं आवरण असतं आणि ते मातीत दडलेलं असतं. वरून कापलं की नेमकी तीच खूण जमिनीत राहते. अमनिटा फॅलोइड्ससारख्या जातीच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतते: विष शिजवून जात नाही, पहिली लक्षणं बहुधा ६ ते १२ तासांनी दिसतात, मग माणसाला मध्येच बरं वाटू लागतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं.

पण आमच्या मनात राहिलं ते त्यानंतरचं. नमुना पाकिटात गेल्यावर तुमच्यातल्या एकीने तो खड्डा बुजवला. नुसता पायाने माती लोटून नाही. आधी काळी भुसभुशीत माती, तिच्यावर पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेली अर्धवट कुजलेली पानं, आणि सगळ्यात वर कोरडा पाचोळा, ज्या क्रमाने काढलं त्याच्या बरोबर उलट क्रमाने. मग वरून तळव्याने हलकासा दाब. मातीवर दिसते ती अळंबी, झाडाचं फळ असावं तशी. खरा जीव ते तंतुजाल. अळंबी एखादी काढल्याने त्याचं फारसं बिघडत नाही, पण ते उघडं पडलं की वाळतं, आणि पाय देऊन माती घट्ट दाबली की हवा-पाण्याच्या वाटा बंद होतात. कुणी बघत नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. काम संपवून उठताना सहज व्हावं तसं तिने ते केलं.

ओंडक्यांचंही तेच. पालथा करून पाहिलेला प्रत्येक ओंडका तुम्ही होता त्याच कुशीवर परत ठेवलात. खालच्या ओल्या सालीवर पापुद्र्यासारखी पसरलेली कवकं, म्हणजे बुरश्या, वर आली तर उन्हाने संपतात, हे माहीत असलेले बरेच असतात. ओंडका न आपटता ठेवणारे थोडे. आणि उचलताना तो आपल्या बाजूला उचलायचा, म्हणजे खाली साप-विंचू असला तर त्याला पलीकडे निघून जायला वाट मिळते, हे तुम्ही मुलांना करून दाखवलंत.

त्या 'रोगा'बद्दलही बोलायला हवं. मेलेल्या खोडावर जे वाढतं त्यातलं बहुतेक कवक मृत लाकडावरच जगतं. लाकूड फिकट, तंतुमय आणि मऊ होत असेल तर लाकडाला कडकपणा देणारं लिग्निनही कुजतं आहे. तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांनी फुटत असेल तर लाकडातलं तंतुमय सेल्युलोज खाल्लं गेलं आणि लिग्निन मागे राहिलं. दोन्हींत जमिनीला परत काहीतरी मिळतंच. शिझोफिलम कम्यून हे कवक तर सुक्या फांदीवर पटलं, म्हणजे छत्रीखालच्या पातळ चकत्या, मिटून पडून राहतं आणि पाणी मिळालं की पुन्हा उघडतं. त्यावर चुना टाकून काय साधणार होतं कोण जाणे. काळजी करायची ती जिवंत झाडाच्या बुंध्याशी उगवलेल्या गॅनोडर्मा या लाकूड कुजवणाऱ्या कवकाची, कारण तिथे आतलं लाकूड आणि मुळं पोकळ होत असण्याची शक्यता असते. पायवाटेलगतचं तसं एक झाड तुम्ही लगेच दाखवलंत, बुंधा ठोकून आवाज ऐकवलात आणि जाणकाराकडून तपासून घ्या म्हणालात. आधीच्या पाहणीत त्या झाडापुढे 'सुस्थितीत' लिहिलं आहे.

बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, ठसा घ्यायची तुमची पद्धत आता इथे सगळे वापरतात. देठ छत्रीलगत कापायचा, पटलं खाली करून छत्री अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. वर पाण्याचा एक थेंब, त्यावर पालथा पेला, आणि रात्रभर हात लावायचा नाही. ठसा उमटला नाही तर बहुधा छत्री फार कोवळी असते किंवा उतरलेली असते; पावसात भिजून गळलेलीचा नुसता डाग पडतो. क्लोरोफिलम मॉलिब्डायटिसची पटलं कोवळेपणी पांढरीच असतात, पण बीजाणू हिरवट. गवतावरची ही 'साधी पांढरी' अळंबी खाऊन ओकाऱ्यांनी बेजार झालेले लोक जगभर आहेत, ते हा ठसा न घेतल्यामुळे.

नमुना वाळवताना ऊब ४० अंशांच्या आसपास आणि वारा खेळता हवा. त्याहून फार वाढली तर नमुना शिजतो, कमी पडली तर बुरशीवरच बुरशी धरते. तुकडा वाकण्याऐवजी कट्कन मोडला पाहिजे, मगच कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत ओली अळंबी ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चिखल मिळतो. वास, रंग, कापल्यावर मांस निळं किंवा लाल पडतं का, शेजारी कोणतं झाड, कशावर उगवली, हे सगळं ताजेपणीच लिहायचं, पेन्सिलने, कारण शाई ओल्याने पसरते. तुमच्या निम्म्या पाकिटांवर नावाच्या जागी फक्त कुळ आणि प्रश्नचिन्ह आहे. वर्णन झालेल्या कवकजाती दीड लाखाच्या आसपास, आणि २०१७ मधला अंदाज २२ ते ३८ लाखांचा. अशा विषयात झरझर नावं सांगणाऱ्याचाच संशय यावा.

आणखी एका गोष्टीचं कौतुक. झाडं जमिनीखालून गप्पा मारतात, ही गोड कथा तुम्ही सांगितली नाहीत. मुळं आणि कवकांची भागीदारी खरी आहे: झाड साखर देतं, कवक पाणी आणि स्फुरद आणून देतं. १९९७ च्या प्रयोगात एका झाडातलं कार्बन दुसऱ्यात गेलेलं दिसलं, हेही खरं. पण त्यावरून रानात सगळीकडे असंच चालतं असं म्हणायला पुरावा अपुरा आहे, असं २०२३ मधल्या आढाव्याने दाखवून दिलं. आणि कवक म्हटलं की ते स्थानिकच, असंही नाही. लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेली अमनिटा मस्कारिया पाइनच्या रोपांबरोबर दक्षिण गोलार्धात जाऊन पोहोचली. बाहेरून आणलेल्या झाडांखाली उगवलेल्या अळंब्यांची नोंद तुम्ही वेगळ्या पानावर केलीत, ते म्हणूनच.

राईतल्या त्या दुर्मीळ भुईऑर्किडचे फोटो तुम्ही सगळ्यांना पाठवलेत, पण त्यांतली जागेची माहिती आधी पुसून. गाठी उकरून नेणाऱ्यांना एवढी खूण पुरते. सभ्य माणसं कशी ओळखावीत यावर लोक पुष्कळ बोलतात; आमच्यापुरतं विचाराल तर ती जाळीचं फाटक लावून घेतात, विचारल्याशिवाय पान तोडत नाहीत आणि एकाच झाडाची दहा फुलं दाबायला घेत नाहीत. विद्वत्ता असली तर चांगलंच. तुमच्यात ती आहे, आणि तिचा त्रास कुणाला होत नाही, हे विशेष.

पडलेली खोडं जागेवरच आहेत. पाचोळा जाळणं बंद झालं आहे. गॅनोडर्माचं झाड तपासून झालं. पायवाट त्याच्यापासून दूर वळवली आहे आणि झाड तसंच ठेवलं आहे. तुमची राहिलेली पाकिटं सिलिका जेलच्या डब्यात आहेत, दाणे गुलाबी पडले की तापवून पुन्हा निळे करून ठेवतो. ठशांचे कागद वेगळ्या फाइलमध्ये आहेत. केव्हाही येऊन घेऊन जा, आणि भिंगं जास्तीची आणा. मुलं दोनावर भांडतात.

आपले,
राई सांभाळणारे आम्ही सगळे