पुस्तकांची खोली, मिरगाच्या आधी

आर्वी, जि. वर्धा
२० मे

प्रिय गड्या,

तुझं पत्र आणि खोलीचा नकाशा दोन्ही मिळालं. अकराशे पुस्तकं, एक खोली, उघड्यावर असलेली पश्चिमेची भिंत, वर कवेलूंचं छप्पर आणि खिडकीत कूलर. कपाटं कशी करू म्हणून विचारलंस. सांगतोच, पण आधी वही कर. कपाट चुकलं तर सुताराला पुन्हा बोलावता येतं. यादी नसली तर घरात असलेलंच पुस्तक माणूस दुसऱ्यांदा विकत आणतो. मिरगाला अठरा दिवस आहेत, तेवढ्यात होऊन जाते.

लांबट लेजर वही घे आणि ग्रंथालयवाले म्हणतात तशी दाखल नोंदवही आख. रकाने असे: दाखल क्रमांक, लेखक (आडनाव आधी), शीर्षक, संपादक किंवा अनुवादक, आवृत्ती आणि वर्ष, कपाट-फळी, शेरा. एकाने पुस्तक उघडून वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. असं तासाला चाळीसेक पुस्तकं होतात, म्हणजे रोज दोन तास बसलात तर पंधरवड्यात काम हातावेगळं. पोराला बसव लिहायला, त्याचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. क्रमांक शीर्षकपानाच्या मागे मऊ पेन्सिलीनेच टाका. शाई ओलीत फुटते आणि तीन पानं खराब करते. बारकोड वाचणाऱ्या मोबाईल-ॲपच्या भरवशावर राहू नको. तुझी अर्धी पुस्तकं बारकोड येण्याआधीची, आणि दिवाळी अंकांवर तो मिळेलच असं नाही.

वहीत चार ठिकाणी घोळ होतो. पहिला टोपणनावांचा. मूर्तिजापूरचे अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, मलकापूरचे बी म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, नागपूरचे ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. पुस्तकावर छापलंय तेच नाव मुख्य धर, खऱ्या नावापुढे फक्त ‘पाहा: अनिल’ एवढी ओळ टाक. दुसरा शुद्धलेखनाचा. १९६२च्या नियमांआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार भेटतात. शीर्षक छापल्याप्रमाणेच लिही, पण पुढे कधी संगणकावर यादी चढवणार असशील तर आजच्या लेखनाचा एक जास्तीचा रकाना ठेव, नाहीतर शोधताना ‘काही’ टाकशील आणि ‘कांहीं’ निघणारच नाही. तिसरा वर्षाचा. जुन्या पुस्तकावर नुसतं ‘शके १८४५’ असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, १९२३. पौष-माघापासून पुढचे महिने असतील तर ७९.

चौथा घोळ संपादकाचा, आणि तुझ्या बाबतीत तोच सगळ्यात महत्त्वाचा. महानुभाव वाङ्मय तुझ्याकडे बरंच आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणींचं (एकेक आठवण म्हणजे लीळा) लीळाचरित्र म्हाइंभटांचं, रिद्धपूरचं, तेराव्या शतकातलं, एवढं लिहून भागत नाही. ह. ना. नेन्यांनी संपादित केलेला पाठ वेगळा, वि. भि. कोलत्यांचा १९७८चा वेगळा, आणि लीळांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी ‘पूर्वार्ध, लीळा अमुक’ असा हवाला दिला की कोणाच्या प्रतीतली ते कळल्याशिवाय ती सापडत नाही. म्हणून या एका कपाटापुरतं संपादकाचं नाव लेखकाइतकंच ठळक लिही. हाताने लिहिलेल्या दोन पोथ्या आहेत म्हणालास. त्या उभ्या लावू नको, आडव्या ठेव. गुंडाळायला नवं मांजरपाट आणलंस तर दोनदा धुऊन खळ पूर्ण काढ. कसर ही कीड त्या खळीवरच येते आणि मग कापडावरून पोथीवर उतरते.

आता लावायचं कसं. शाळेच्या ग्रंथालयासारखं ड्युईच्या आकड्यांनी लावू का, असं विचारलंस. माझं मत, नको. ड्युईची पद्धत १८७६ची, ज्ञानाचे दहा भाग पाडणारी. तिच्यात मराठी साहित्याला सगळं मिळून ८९१.४६ एवढीच जागा आहे. तुझ्या कथा, कादंबऱ्या, कविता, नाटकं मिळून सहाशे तरी असतील, ती सगळी त्या एका आकड्याच्या पोटात. धर्माच्या २०० मध्ये २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला दिलेले, आणि हिंदू धर्माच्या वाट्याला २९४.५. म्हणजे सहाशे पुस्तकं एका खणात कोंबलेली आणि बाकीचे खण मोकळे. घरात तू ज्या कामासाठी पुस्तकाला हात घालतोस त्याप्रमाणे गठ्ठे पाड: कोश, साहित्य (त्यात कविता वेगळी), संत आणि महानुभाव, आपला मुलूख, रान आणि पक्षी, शेती, खेळ, इंग्रजी-हिंदी. एवढे बस्स. रहस्यकथा साहित्यात मिसळू नको, दाराजवळच्या फळीवर ठेव. पाहुणे तेवढ्याच मागतात.

‘आपला मुलूख’ या गठ्ठ्यावर जीव लाव, कारण असा गठ्ठा कुठल्याच पद्धतीत मिळत नाही. तुझ्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा शंभर-दीडशे वर्षांचा कागद शोधायचा तर दर पिढीला वेगळ्या नावाखाली शोधावा लागतो. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं, त्यानंतरचे अहवाल ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या मथळ्याखाली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं, तेव्हापासून ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’. १९५० ते ५६ मध्यप्रदेश, मग १९६० पर्यंत मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. त्यातही १९०५ पर्यंत यवतमाळ नावाचा जिल्हाच नव्हता. तो ‘वूण’, म्हणजे वणी, आणि दारव्हा-पुसद १९०५च्या फेररचनेत त्याला जोडले गेले. त्यामुळे जुन्या यादीत ‘यवतमाळ’ शोधून काही निघालं नाही म्हणून हात टेकू नको. इंग्रजी स्पेलिंगही तेव्हाची वेगळी, ‘येओतमाल’, ‘अमरावती’च्या जागी ‘अमराओती’. इकडे वर्ध्याचं गणित तुमच्याहून सोपं. भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ला मध्यप्रांत झाला, १८६२ला जिल्हा. रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केलेलं वर्ध्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, १९०६चं, तुमच्या जिल्ह्याचं १९०८चं. हे दोन्ही, जनगणनेची पुस्तकं, गावाच्या देवस्थानाची माहितीपत्रकं, सहकारी संस्थेचे छापील अहवाल, सगळं एकाच फळीवर उभं कर. पत्रकं सुटी ठेवलीस तर हरवतील. जाड पुठ्ठ्याच्या पेटीत घाल आणि पेटीवर वर्ष लिही.

शेतीच्या पुस्तकांबद्दल एक ताकीद. जुन्या पुस्तिकांतल्या फवारणीच्या शिफारशी आज चालत नाहीत. एन्डोसल्फान या कीटकनाशकाचंच बघ. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली, पण त्याआधीच्या कपाशी-तुरीच्या पुस्तिकांत ते बिनदिक्कत दिलेलं आहे. कपाशीच्या २००२ आधीच्या पुस्तिकांत बीटी वाणाचा पत्ताच नाही, बोंडअळीचं सगळं वेळापत्रक त्याआधीचं. या पुस्तिका फेकू नको, त्यांतूनच तर वऱ्हाडातल्या शेतीची गोष्ट कळते. फक्त पुठ्ठ्यावर लाल पेन्सिलीने ‘जुनी शिफारस’ असं ठळक लिही. घरातलं कुणी घाईत पान उघडून त्याप्रमाणे औषध आणायला जाऊ नये.

कोशांवर पैसे घालू नको. मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, मराठी विश्वकोशही आंतरजालावर आहे. लाईन गेली की मात्र छापील लागतो, म्हणून एक शब्दकोश हाताशी असू दे.

आता कपाट. डेमी आकाराचं पुस्तक साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद असतं. त्याला फळीची खोली नऊ इंच आणि दोन फळ्यांमधलं अंतर साडेदहा इंच पुरतं. दिवाळी अंकांसाठी एक फळी तेरा इंचांची कर. फूटभर रांगेत बारा-तेरा पुस्तकं बसतात, म्हणजे तुला नव्वद फूट रांग लागेल. अठरा मिलिमीटर प्लायची फळी तीस इंचांवर नेलीस की मध्ये झोल पडतो. लांब हवीच असेल तर मध्ये उभी पट्टी दे. बाजारातलं लोखंडी कपाट एकोणीस इंच खोल असतं, त्यात पुस्तकं दोन रांगांत जातात आणि मागची रांग कायमची हरवते. घेतलंच तर मागच्या रांगेखाली चार इंच उंचीची लाकडी पायरी ठेव, म्हणजे मागच्यांच्या पाठी वाचता येतात. भरताना एवढं बघ की मधलं पुस्तक काढताना शेजारची दोन बोटाने मागे ढकलता आली पाहिजेत. वरून पाठीला धरून ओढलं की पहिल्यांदा तिथलंच कापड फाटतं.

तुझ्या खोलीत मला धास्ती दोनच गोष्टींची, आणि पहिली कूलर. पाऊस नंतर. मे महिन्यात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की कागद कडक होतो. दुपारी कूलर लावला की वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली हवा तोच कागद पितो, आणि रात्री बंद केला की पुन्हा सुकतो. रोजच्या या आत-बाहेरने पुठ्ठे वाकतात, नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या पाठी तडकतात आणि पानांना लाटा येतात. नकाशात कूलर पूर्वेच्या खिडकीत आणि कपाट त्याच्या बरोबर समोर आहे. कपाट त्याच भिंतीला आण जिथे कूलर आहे, म्हणजे झोत अंगावर येणार नाही, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेव. ओली हवा बाहेर गेली पाहिजे. पश्चिमेची भिंत मोकळीच असू दे, ती तापते.

दुसरी वाळवी, आपली उधई. ती जमिनीतून येते, उजेडात चालत नाही, म्हणून भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी बांधत चढते. महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन कपाटामागे बघ. ते जमावं म्हणून कपाट भिंतीपासून सहा इंच आणि जमिनीपासून सहा इंच ठेव. पायांखाली पत्र्याच्या वाट्यांत जळकं ऑईल घालतात ते चांगलं आहे, पण वाटीवर धूळ आणि काडीकचरा साचला की त्याचाच पूल होतो, म्हणून पुसत जा. आणि मागच्या भिंतीला बाहेरून रचलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, आधी हलव. कपाट कितीही चांगलं केलंस आणि पलीकडे पऱ्हाटीचा ढीग राहिला तर त्याचा काय उपयोग बाप्पा? डांबरगोळ्या झोपायच्या खोलीत नकोत. कडूनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेला, जरा ओला राहिला तरी बुरशी त्याचीच.

कवेलू वानरं हलवतात, ते तुला मी काय सांगू. पहिल्या सरीआधी माणूस वर चढव आणि वरच्या फळीवर प्लॅस्टिक न पसरता कपाटाच्या चार इंच वर ताडपत्री ताण. पुस्तकाला चिकटून प्लॅस्टिक असलं की आतला ओलावा आतच राहतो. तरीही पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नको. आधी चकचकीत कागदाची काढ, म्हणजे तुझी पक्ष्यांची. त्या कागदाला लेप असतो, सुकताना पान पानाला चिकटतं ते पुन्हा सुटत नाही, म्हणून ओलं असतानाच प्रत्येक पानामध्ये कोरा कागद घाल. साध्या कागदाच्या पुस्तकांत वीस-वीस पानांवर घातला तरी चालतं. कागद दर दोन तासांनी बदल, पंखा लांबून सोड. दोन दिवसांच्या आत हे झालं नाही तर बुरशी धरते.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नको. टेप निघून जाते, पिवळा डाग राहतो. मैद्याची पातळ खळ आणि पतंगाच्या कागदाची पट्टी पुरे. मैदा एक भाग, पाणी सहा भाग, मंद आचेवर काचेसारखी होईपर्यंत. बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे, घरात नको. रोजची रोज कर, उरलेली फेकून दे. दिवाळी अंकांच्या पिना गंजून पानाला भोक पाडतात. त्या चिमट्याने सरळ करून काढ आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ मार.

सुताराला पट्ट्या कापायला सांगण्याआधी पूर्वेच्या भिंतीची लांबी कळव, खिडकीच्या चौकटीपासून कोपऱ्यापर्यंत, इंचात. नकाशात ती लिहायची राहिलीय, आणि कपाट कूलरच्या भिंतीला आणायचं म्हटल्यावर सगळं तिच्यावरच आहे. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
आर्वीवाला

ता. क. यादी संगणकावर लावलीस तर क्ष आणि ज्ञ ने सुरू होणारी नावं क आणि ज च्या पोटात जाऊन बसलीत का ते बघ. आपल्या वर्णमालेत ती शेवटी येतात, यंत्र दर वेळी तसं करत नाही.