183 दिवसांचा अर्धाच हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी काल आपल्या अर्थविषयक पानावर जो सल्ला छापून आला, त्यात ‘वर्षात 183 दिवसांपेक्षा कमी राहा आणि कराबाबत निश्चिंत व्हा’ असे ठळक चौकटीत म्हटले आहे. लेखकमहाशयांच्या व्यासंगाविषयी मला आदर आहे. परंतु ही चौकट वाचून निश्चिंत झालेल्या एखाद्या आजोबांना पुढे अमेरिकेच्या महसूल खात्याशी पत्रव्यवहार करावा लागला, तर निदान टपालखर्च तरी आपले दैनिक सोसणार आहे काय?

तिथला 183 हा आकडा एका वर्षाचा नसून तीन वर्षांच्या बेरजेचा आहे. चालू कॅलेंडर वर्षातले सगळे दिवस, त्याआधीच्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याही आधीच्या वर्षातल्या दिवसांचा एक षष्ठांश मिळून 183 भरले, आणि चालू वर्षात किमान 31 दिवस मुक्काम झालेला असला, की तो पाहुणा करापुरता तिथला रहिवासी धरला जातो. म्हणजे दरवर्षी 150 दिवस राहणाऱ्या जोडप्याचे तिसऱ्या वर्षी 150 अधिक 50 अधिक 25, असे 225 होतात, आणि एकाही वर्षी त्यांनी 183 ओलांडलेले नसतात. 120 दिवस राहिल्यास बेरीज 180 वर थांबते. एवढी शाळकरी बेरीज त्या चौकटीत मावली नसती, असे मला वाटत नाही. शेजारच्या नायगाराच्या छायाचित्राला मात्र चार कॉलम मिळाले आहेत.

बेरीज भरली म्हणून लगेच आभाळ कोसळते असेही नाही. चालू वर्षातला मुक्काम 183 दिवसांहून कमी असेल, तर आपले घरदार आणि व्यवहार भारतातच असल्याचे सांगणारा फॉर्म 8840 मुदतीत भरून अनिवासी राहता येते. मात्र अमेरिकी नागरिक झालेल्या मुलाने आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी आय-130 अर्ज दाखल केलेला असेल, तर ही वाटही बंद होते आणि दुहेरी कर टाळण्याच्या 1989 च्या भारत-अमेरिका कराराचा आधार शोधावा लागतो. यातले अवाक्षरही कालच्या लेखात नाही.

माझ्या चिडण्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही सुनेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेलो असताना माझी पत्नी बर्फावरून घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला साफ मनाई केली. मुक्काम वाढवण्याची परवानगी मुलाने अर्ज करून मिळवली. पण व्हिसाचे खाते आणि कराचे खाते वेगळे असून परवानगी मिळाली म्हणून दिवसांची मोजणी थांबत नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. इथल्या करसल्लागारांना मी फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “काका, तुमचं तिथं उत्पन्नच नाही, मग कर कसला? नातवाला खेळवा!” या वाक्यासाठी त्यांनी फीही घेतली. वास्तविक तिथला रहिवासी ठरलेल्या माणसाची जगभरातली मिळकत हिशेबात धरली जाते. त्यात इथले पेन्शन आले, मुदत ठेवींचे व्याज आले, आणि अमेरिकेबाहेरच्या सर्व खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरपेक्षा अधिक झाली, तर त्या खात्यांची माहितीही वेगळी कळवावी लागते. अमेरिकेत असताना उद्भवलेल्या आजारामुळे निघता आले नाही, तर ते दिवस वगळता येतात, पण त्यासाठी डॉक्टरांच्या निवेदनासह फॉर्म 8843 वेळेत द्यावा लागतो. आधीपासूनच्या दुखण्याला ही सवलत नाही. हे सगळे आम्हाला संध्याकाळी बागेत फिरायला येणाऱ्या, चेन्नईच्या एका निवृत्त गृहस्थांकडून कळले. त्यांनी फी घेतली नाही.

बँकांचाही उल्लेख करायला हवा. आपण अन्य देशाचे करनिवासी आहात काय, या प्रश्नाचा छापील अर्ज आमच्या शाखेत पुढे आला, तेव्हा काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने प्रश्न वाचण्याआधीच ‘नाही’च्या चौकोनात खूण करून तो सहीसाठी सरकवला. सही माझी, जबाबदारी माझी, खूण मात्र त्याची. मी प्रश्न वाचू लागलो, तेव्हा मागच्या रांगेत कुरबुर सुरू झाली.

याच विषयावरचे माझे मागचे पत्र आपण ‘जागेअभावी संक्षिप्त’ करून छापले होते, आणि त्या संक्षेपात तीन वर्षांच्या बेरजेचा परिच्छेदच गळाला होता. यावेळी कात्री चालवायचीच असेल, तर ती माझ्या करसल्लागारांवर चालवावी. बेरीज तेवढी शाबूत ठेवावी. कालच्या चौकटीची दुरुस्तीही त्याच पानावर, त्याच आकाराच्या टाइपात आणि लवकर यावी, कारण दिवाळीनंतर निघणाऱ्यांची तिकिटे आताच काढली जात आहेत.

आपला,
एक निवृत्त वाचक
कोथरूड, पुणे