आई-बाबांना पत्र : कुणीतरी विचारावे लागते

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोघांनी दोन वेगळे प्रश्न विचारलेत. रक्त दिल्याने अंगात अशक्तपणा येत नाही ना, ही आईची काळजी होती. बाबांनी विचारले, की ज्यांचे नाव-गाव आपल्याला कधीच कळणार नाही अशांसाठी माणसे रक्त का देतात, सुटीचे दिवस रक्तदान शिबिरांत का घालवतात, आणि यातून त्यांच्या पदरात नेमके काय पडते. ही उत्तरे फोनवर मावणारी नव्हती, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी आईला. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि एका वेळी त्यातले 350 ते 450 मिलिलिटर घेतात. गेलेला द्रव भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो. तांबड्या पेशी पूर्ववत व्हायला मात्र काही आठवडे लागतात आणि शरीरातले लोह भरून यायला त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. म्हणूनच दोन वेळांमध्ये काही महिन्यांचे अंतर ठेवण्याचा नियम असतो आणि अनेक देशांत बायकांसाठी ते अंतर पुरुषांपेक्षा जास्त असते. मी ते अंतर पाळते, दर वेळी हिमोग्लोबिन तपासूनच पुढे जाते आणि रक्त देण्याआधी भरपूर पाणी पिते, कारण त्याने चक्कर येण्याची शक्यता कमी होते. तेव्हा आई, तू निश्चिंत राहा.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. जी माणसे रक्त देतात ती मुळातच मोठ्या मनाची असतात आणि जी देत नाहीत त्यांची मने तेवढी मोठी नसतात, असे आपण सहज धरून चालतो. शिबिरांत काम करायला लागल्यापासून माझे मत बदलत गेले. न देणाऱ्यांशी बोलल्यावर त्यांच्यात मला कोरडेपणा क्वचितच दिसला. कुणाला सुईची भीती वाटते, कुणाला आपल्या एखाद्या औषधामुळे आपण चालणार नाही असे उगीचच वाटते, आणि पुष्कळांचे उत्तर फार साधे असते, की आम्हाला कधी कुणी विचारलेच नाही. पहिल्यांदा आलेल्यांना कसे आलात असे विचारले, तर दहांतले बरेच जण एखाद्या माणसाचे नाव सांगतात. मैत्रिणीने ओढून आणले, कार्यालयातल्या सहकाऱ्याने स्वतःबरोबर माझेही नाव घातले, भाऊ येणार होता म्हणून मीही आलो. करुणा बहुतेकांच्या मनात असते, पण ती आपण होऊन दारापर्यंत चालत येत नाही, तिला कुणीतरी बोलावून आणावे लागते, हेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

ऐच्छिक रक्तदानाच्या इतिहासाची सुरुवातही अशा एका बोलावण्याने झाली आहे. 1921 मध्ये लंडनमधल्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाला एका रुग्णासाठी तातडीने रक्त हवे होते आणि त्यांनी कॅम्बरवेल भागातल्या रेडक्रॉसच्या शाखेला फोन केला. तिथले चिटणीस पर्सी ऑलिव्हर काही सहकाऱ्यांना घेऊन रुग्णालयात गेले आणि त्यांच्यातल्या एका परिचारिकेचे रक्त जुळले. त्यानंतर पर्सी आणि त्यांची पत्नी एथेल यांनी आपल्या राहत्या घरातूनच रक्तदात्यांची सेवा चालवायला घेतली. प्रत्येक दात्याचे एक कार्ड, त्यावर त्याचा रक्तगट आणि त्याला गाठण्याचा पत्ता, आणि दिवसा-रात्री केव्हाही वाजू शकणारा टेलिफोन, एवढेच त्यांचे साहित्य होते. रक्ताचे पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचे नाहीत, यावर ते ठाम होते. रक्त साठवून ठेवण्याची सोय असलेल्या रक्तपेढ्या पुढे 1930 च्या दशकात उभ्या राहिल्या. त्याआधी माणसांच्या नावांची पेढी उभी राहिली होती, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

पैशांचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करते, कारण बाबा, हिशेब पक्का असल्याशिवाय तुमचे समाधान होत नाही. रक्ताला मोबदला दिला तर दाते वाढतील असे कुणालाही वाटेल. 1970 मध्ये ब्रिटनमधले अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी याच्या नेमके उलट म्हटले. पैसे आले की देण्यातला आनंद जातो आणि रक्ताची सुरक्षितताही कमी होते, असे त्यांचे म्हणणे होते. स्वीडनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रक्तदाता होण्यासाठी आवश्यक असलेल्या आरोग्य तपासणीला कितीजण तयार होतात हे पाहिले गेले. थोडे पैसे देऊ केल्यावर तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, आणि तेच पैसे एखाद्या चांगल्या कामाला देण्याची मुभा दिल्यावर ते पुन्हा पूर्वीइतके झाले. पुरुषांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या प्रत्यक्ष शिबिरांच्या पाहण्यांमध्ये मात्र लहानसहान भेटींमुळे येणाऱ्यांची संख्या वाढलेली आढळली. म्हणजे माणसाचे मन एकाच नियमाने चालत नाही. तरी मला टिटमस यांच्या बाजूने बोलावेसे वाटते आणि त्याचे कारण सुरक्षिततेचे आहे.

रक्त घेण्याआधी एक लांबलचक अर्ज भरून घेतात. अलीकडे कोणता आजार झाला, कोणती औषधे चालू आहेत, अंगावर गोंदवून घेतले आहे का, कोणाशी कसा संबंध आला, असे अतिशय खासगी प्रश्न त्यात असतात. प्रत्येक पिशवीतल्या रक्ताची एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंसाठी तपासणी होतेच, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर काही काळ तो कोणत्याच चाचणीत सापडत नाही. त्या काळापुरता रुग्णाचा जीव दात्याच्या खरेपणावर अवलंबून असतो. ज्याला पैशांची निकड आहे त्याला खोटे लिहिण्याचे कारण असते. ज्याच्यावर नातेवाइकांनी दबाव आणला आहे त्यालाही ते असू शकते. जो आपण होऊन आला आहे त्याला लपवण्याचे कारण सहसा नसते. म्हणून कुणी अर्ज भरताना अडखळले आणि हळूच म्हणाले, की आज मला देता येणार नाही, तर माझ्या मनात त्या माणसाबद्दल रक्त देणाऱ्याइतकाच आदर निर्माण होतो. त्यानेही एका अनोळखी रुग्णाचा विचार केलेला असतो.

प्रत्यक्ष रक्त देण्याची क्रिया फार थोड्या वेळाची असते. दंडाला पट्टा आवळतात, कोपराच्या आतल्या बाजूची शीर बोटाने चाचपतात, कातडी पुसून ती वाळेपर्यंत थांबतात आणि मग सुई टोचतात. पहिले थोडे रक्त बाजूच्या छोट्या पिशवीत वळवले जाते, कारण कातडीवरचे जंतू त्यातच येण्याची शक्यता असते, आणि चाचण्यांच्या नळ्याही त्यातूनच भरतात. नंतर पिशवी एका यंत्रावर संथपणे हलत राहते, म्हणजे रक्त त्यातल्या गोठू न देणाऱ्या द्रवात नीट मिसळते. या सगळ्यात माझ्या लक्षात राहते ती हातावरून गेलेल्या नळीची ऊब. ती ऊब आपलीच असते, हे दर वेळी नव्याने जाणवते आणि थोडा वेळ बोलणे सुचत नाही. हे सुखच आहे, बाबा. अर्थशास्त्रज्ञ जेम्स आंद्रेओनी यांनी अशा सुखाचा सिद्धान्त मांडला आहे. माणूस दुसऱ्याचे भले व्हावे म्हणून देतो आणि देताना स्वतःला जे बरे वाटते त्यासाठीही देतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. त्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. स्वीडनमध्ये तर दात्याचे रक्त रुग्णासाठी वापरले गेले की त्याला तसा संदेश पाठवतात. नाव नाही, गाव नाही, फक्त वापरले गेले एवढेच, आणि तेवढ्यावर माणसे पुन्हा येतात.

काहीजण परतफेड म्हणून देतात. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन यांच्यावर वयाच्या चौदाव्या वर्षी छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि अनेक अनोळखी माणसांच्या रक्तावर ते जगले. 1954 मध्ये वयाची अट पूर्ण होताच त्यांनी स्वतः रक्त द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या रक्तद्रवात एक दुर्मीळ प्रतिपिंड (अँटिबॉडी) असल्याचे आढळले. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशी नष्ट करणारी द्रव्ये तयार होऊ शकतात. त्यावरचे इंजेक्शन अशा प्रतिपिंडापासून बनते. 2018 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी नियमानुसार थांबेपर्यंत, त्यांनी 1,173 वेळा दान केले आणि त्यातून सुमारे 24 लाख बाळांना संरक्षण मिळाले असा तिथल्या रक्तसेवेचा अंदाज आहे. त्यांना सुईची भीती वाटत असे आणि सुई टोचताना ते कधीही हाताकडे पाहत नसत. भीती वाटते म्हणून नको म्हणणाऱ्यांना मी त्यांच्याविषयी नेहमी सांगते.

एका वेळी मात्र बोलावण्याची गरजच पडत नाही. मोठे संकट आले की माणसे आपोआप धावून येतात. 1995 च्या जानेवारीत जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्याखालच्या बहुतेकांना शेजाऱ्यांनी आणि घरच्यांनीच बाहेर काढले, आणि पुढच्या काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक तिथे राबले. 2001 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर रक्त देण्यासाठी एवढ्या रांगा लागल्या, की त्यातल्या हजारो पिशव्या पुढे मुदत संपल्यामुळे टाकून द्याव्या लागल्या. तांबड्या पेशी फार तर 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, जेमतेम पाच-सात दिवस. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि त्याच्यासाठी वर्षातला एकही दिवस बातमीचा नसतो. त्याला हवा असतो तो कोणत्याही कारणाशिवाय, एखाद्या साध्या मंगळवारी येणारा दाता. असा दाता भावनेच्या भरात तयार होत नाही. पहिल्या वेळी त्याला कसे वागवले गेले आणि मुदत पुरी झाल्यावर त्याची आठवण कुणी काढली का, यावर ते ठरते. इथेच स्वयंसेवकाचे खरे काम सुरू होते.

अलीकडचीच गोष्ट सांगते. शिबिरात एक तरुण मोठ्या उत्साहाने पहिल्यांदाच आला होता. आमच्याकडे बोटातून काढलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडून पाहतात. थेंब खाली गेला तर हिमोग्लोबिन पुरेसे, वर तरंगत राहिला तर कमी. त्याचा थेंब थोडा वेळ घुटमळला आणि वरच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर नापास झाल्यासारखी खूण उमटली. अशा रीतीने परत गेलेली माणसे पुन्हा क्वचितच येतात, हे रक्तपेढीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ त्याला बाजूला घेऊन बसले. रक्त कमी असणे हा दोष नाही, डॉक्टरांना दाखवून घ्या, काही महिन्यांनी मी स्वतः तुम्हाला फोन करीन, असे ते त्याला सांगत होते आणि त्याचा क्रमांक वहीत लिहून घेत होते. त्या गृहस्थांना वयामुळे आता रक्त देता येत नाही. आमच्या शिबिराला त्यांच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उतारवयात अशी कामे करणाऱ्यांचे मन अधिक प्रसन्न असते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अर्थात ज्यांची प्रकृती मुळात चांगली असते तीच माणसे आधी घराबाहेर पडतात, त्यामुळे त्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवणे अवघड आहे, आणि त्या आशेने मी तुम्हाला काही सुचवतही नाही. मला तुमची गरज आहे म्हणून विचारते आहे.

बाबा, मुदत पूर्ण झालेल्या दात्यांना फोन करण्याचे काम आमच्याकडे रखडते. संदेश पाठवले तर ते न वाचता राहतात, आणि तरुण स्वयंसेवकांना अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचा संकोच वाटतो. तुमचे बोलणे शांत आणि नेमके असते, आणि नोंदी तर तुम्ही कुणापेक्षाही चोख ठेवता. घरी बसून, तुमच्या सोयीच्या वेळी, आठवड्यातून एखादा तास दिलात तरी पुष्कळ होईल. आई, रक्त दिल्यानंतर दात्यांना दहा-पंधरा मिनिटे बसवून ठेवावे लागते, कारण चक्कर आली तर बहुधा तेव्हाच येते. नवखी मुले घाईने उठून जायला बघतात. त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवणारे आणि चेहरा पांढरा पडतो आहे हे चटकन ओळखणारे माणूस आम्हाला हवे आहे. तुझ्या गुडघ्यांना त्रास होणार नाही, काम बसूनच करायचे आहे, आणि ने-आण मी करीन.

नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही, पण हो म्हणालात तर बाबांसाठी फोनची पहिली यादी मी पुढच्या आठवड्यात पाठवते. अक्षरे मोठी छापून घेईन. दोघांनी मिळून ठरवा आणि कळवा.

तुमची लेक