सितवे बंदर आणि आपले मौन: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

महोदय,

ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) थिबा राजाला इंग्रजांनी ज्या गावी आणून ठेवले, त्या रत्नागिरीत मी राहतो. त्याची फ्रान्सशी सलगी वाढते आहे ही धास्ती १८८५ साली त्याचे राज्य घेण्यामागचे एक कारण होती. परक्यांच्या चढाओढीची ही खूण जाता-येता दिसत असल्यामुळेच म्यानमारमधील रोहिंग्या मुस्लिमांविषयी आपल्याला लिहावेसे वाटले.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी ‘आरसा’ या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने म्यानमारच्या राखाइन प्रांतातील पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि त्यानंतरच्या लष्करी मोहिमेत सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून आले. आपण तेव्हा परराष्ट्र सचिव होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात म्यानमारची राजधानी नेपिडो येथे निघालेल्या भारत-म्यानमार संयुक्त निवेदनात हल्ल्यांचा निषेध होता, ‘रोहिंग्या’ हा शब्द मात्र नव्हता. आणि आठवडाभराने बांगलादेशातील चितगावला आपल्या विमानातून ५३ टन मदत उतरली, त्यात तांदूळ, डाळ, मीठ, चहा आणि मच्छरदाण्याही होत्या. एकाकडे शब्द आणि दुसऱ्याकडे शिधा, असा तो हिशेब होता.

चीनचा हिशेब याहून वेगळा नव्हता. राखाइनमधील क्याउकफ्यू बंदराहून चीनच्या युनान प्रांताला तेल आणि वायू नेणारी वाहिनी सांभाळायची असल्याने त्याने म्यानमारच्या लष्कराला सुरक्षा परिषदेत आडोसा दिला आणि दुखण्यावर विकासाचा उतारा सुचवला. आपणही डिसेंबर २०१७ मध्ये अडीच कोटी डॉलरचा करार करून २५० तयार घरे बांधून दिली; ज्या १९८२ च्या कायद्याने या लोकांना नागरिकत्वाबाहेर ठेवले, त्याला दोघांनीही हात लावला नाही. अमेरिकेने मार्च २०२२ मध्ये हा वंशसंहार असल्याचे जाहीर केले खरे, पण त्या किनाऱ्यावर तिचे बंदर नाही, त्यामुळे बोलणे तिला स्वस्त पडते. डिसेंबर २०२२ मध्ये म्यानमारविषयीचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा तटस्थ राहिलेले देश तीनच होते: चीन, रशिया आणि आपण. गलवाननंतर ज्याच्याशी सीमेवर सैन्य भिडवून उभे होतो, त्याच्याच पंक्तीला आपण बसलो.

या मौनाने मिळाले काय? कोलकात्याला म्यानमारमार्गे मिझोरामशी जोडणाऱ्या २००८ च्या कलादान करारातील, राखाइनमधल्या सितवे बंदरात २०२३ मध्ये कोलकात्याहून जहाज पोहोचले. पुढच्याच जानेवारीत त्या मार्गावरचे पालेत्वा हे गाव राखाइनमधील बंडखोर गट अराकान आर्मीने घेतले आणि आज राखाइनचा बहुतेक भाग तिच्याकडे आहे. चीनला दोन्ही डगरींवर हात ठेवणे परवडते, कारण त्याच्याकडे लष्करालाही आणि बंडखोरांनाही दाबण्याची साधने आहेत. आपल्याकडे तेवढी नाहीत.

म्हणून विनंती अशी की, कलादानच्या रस्त्यासाठी नेपिडोशी किंवा अराकान आर्मीशी जी काही बोलणी होतील, त्यांत रोहिंग्यांचे नागरिकत्व आणि परतीचा प्रश्न ढाक्याला सोबत घेऊन मांडावा; आणि तो सुटेपर्यंत, ऑक्टोबर २०१८ मध्ये आसाममधून सात जणांना पाठवले तसे, कोणालाही म्यानमारच्या हवाली करू नये.

आपला,
एक रत्नागिरीकर