सावलीपुरती ओळखही कामाची

माननीय संपादक,

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांविषयी हल्ली वर्तमानपत्रांत बरेच छापून येते. बहुतेकांचा सल्ला एकच: जवळची माणसे जपा. सल्ला खोटा नाही. पण जवळची माणसे टोरांटोला आणि सिडनीला असतील, तर दुपारी बारा वाजता जपायचे कोणाला?

पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावरची माकडे या बाबतीत वेगळेच काही सुचवतात. मूळची ती आपल्याकडचीच. १९३८ साली भारतातून सुमारे चारशे लालतोंडी माकडे संशोधनासाठी तिकडे नेली, त्यांचाच हा वंश. जात भांडखोर. आईचा जो दर्जा तोच लेकीचा, आणि दमदाटी तर सोसायटीच्या वार्षिक सभेला लाजवील अशी!

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने बेटावरची बरीचशी झाडी भुईसपाट केली. डोक्यावर चाळिशीपारचे ऊन आणि सावली कुठेतरी तुकड्या-तुकड्यांत. अशा वेळी माकडे जुन्या सोबत्यांनाच अधिक बिलगतील, असे कोणालाही वाटेल. त्यांनी उलट ओळखी वाढवल्या. मारामाऱ्या कमी झाल्या, परक्याला शेजारी बसू देणे वाढले. वादळाआधी जी एकलकोंडी होती, तीच यात पुढे होती. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, असे खपवून घेणारी माकडे वादळानंतर अधिक तगली. वादळापूर्वी या स्वभावाचा जगण्या-मरण्याशी संबंध दिसत नव्हता. यात गळ्यात गळा कुठेच नाही. फक्त ‘बस बाबा तूही’, एवढेच.

माकडांवरून माणसांचे नियम काढू नयेत, हे मान्य. (मुंग्यांची शिस्त सांगून आपल्याला शाळेत पुरेसे छळले आहे.) पण त्या ओळखी जुळल्या त्या सावलीच्या जागेमुळे, आणि आपण नेमकी तीच काढून घेतो आहोत. आमच्या भागात रस्तारुंदीत वड गेला, त्याबरोबर पारही गेला. उद्यानाला ऐन दुपारी कुलूप. सोसायटीच्या प्रवेशद्वाराजवळचा बाक ‘बाहेरचे लोक येऊन बसतात’ म्हणून उचलला. बाहेरचे म्हणजे कोण, तर पलीकडच्या इमारतीतले आजोबा आणि टपाल वाटून दमलेला पोस्टमन.

ज्येष्ठांसाठी हेल्पलाइनचे फलक जरूर लावावेत. पण उन्हाळ्यात उद्याने दुपारीही उघडी ठेवावीत, रुंदीकरणाच्या आराखड्यात झाडाभोवतीचा पार धरावा, आणि आमच्या सोसायटीने तो बाक आधी जागेवर आणून ठेवावा.

– एक ज्येष्ठ वाचक